मापापुरती

मोजणीदाराने एकतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर लोकांचे फोटो मोजायला घेतले. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हौशी फोटोवाल्यांचं मंडळ भरायचं, महिन्यातून एक रविवार, दुपारी चारला. सुट्टीत कुठे कुठे हिंडून आलेली मंडळी आपापले फोटो पडद्यावर लावायची आणि बाकीच्यांनी सुधारणा सुचवायच्या. ज्याचा फोटो त्याने हाताची घडी, तोंडावर बोट. हा नियम मोजणीदाराचाच, कारण मंडळाचा परीक्षकही तोच. त्यामुळे तो बोलायचा आणि समोरचा गिळायचा. दंतवैद्याने एकदा समुद्रकाठी बसलेल्या नातीचा फोटो आणला. मोजणीदार म्हणाला, "मूल काढून टाका. मागची होडी बरी आहे." दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडून बघणारा दंतवैद्य, पण त्याने स्वतः ब्रसुद्धा काढला नाही.

दुसरा नियमही मोजणीदाराचाच. जे तिथे नव्हतं ते फोटोत आणायचं नाही. कुठल्याशा आभाळात उसना पक्षी चिकटवला म्हणून त्याने दोघांना मंडळाबाहेर घालवलं होतं.

त्याची बायको मागच्या रांगेत बसायची. मंडळात तिला सगळे लाल वहिनी म्हणत, कारण नवऱ्याच्या प्रत्येक फोटोत ती लाल कोट घालून, पाठमोरी, नखाएवढी उभी असायची. डोंगर केवढा, दरी केवढी हे कळायला शेजारी माणूस लागतो, असं त्याचं शास्त्र. नोकरीत असताना पट्टी धरून उभा राहायला एक शिपाई मिळायचा. निवृत्तीनंतर ती जागा बायकोला मिळाली. "मापाला उभी राहा," तो म्हणायचा आणि हात हलवत सुटायचा. मागे. आणखी मागे. अजून जरा. जागा ठरेपर्यंत तिने त्याच्याकडे तोंड करून उलटं चालायचं, ठरली की पाठ फिरवायची आणि मग हलायचं नाही. बघायला काय, तर पायाशी पडलेली आपलीच सावली. कितीच्या उन्हात ती केवढी पडते आणि कुठे सरकते, हे तिला घड्याळापेक्षा नेमकं कळायला लागलं होतं.

तिची याला ना नव्हती. त्या बदल्यात वर्षातले सहलीचे बारा दिवस तिला मिळायचे. खिडकीची जागा, दुसऱ्याने आयता हातात दिलेला चहा, सकाळी उठून कुणाचंही काही करायचं नाही. उरलेलं वर्ष ती या बारा दिवसांच्या जोरावर ढकलायची. "एक तरी फोटो माझ्या तोंडाचा काढा की," असं तिने एकदा म्हणून पाहिलं.

"तोंड ओळखपत्रावर आहे," तो म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी एका तळ्याच्या दगडी धक्क्यावर तो असाच हात हलवत होता. मागे. आणखी मागे. धक्का संपला. ती पुरुषभर उंचीवरून खाली खडकांवर पडली आणि गुडघ्याची वाटी फुटली. मोजणीदाराने धावत जाण्याआधी तीन फोटो काढून घेतले. त्यातला दुसरा अफलातून आला. पाय अधांतरी, लाल कोट हवेत पसरलेला, आणि सगळ्या फोटोंत एकदाच काय ते तिचं तोंड दिसत होतं, वासलेलं. तोंडामुळे लक्ष विचलित होतं म्हणून मोजणीदाराने ते काळं करून टाकलं. फोटोला 'झेप' नाव दिलं. वर्षाचं पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं, आणि चौकट करून तो मंडळाच्या भिंतीवर लागला. ती आता त्याच्याच खाली काठी टेकून बसायची. "या वयात काय उडी मारलीत हो," दंतवैद्य एकदा म्हणाला. हसण्यावाचून तिच्याकडे दुसरा इलाज नव्हता.

यंदा सहलीचं तिकीट आलं ते एकच. तिची बॅग भरून तयार होती.

"तू कशाला येतेस लंगडत?" मोजणीदार म्हणाला. "तुझे ठिपके माझ्याकडे ढिगाने आहेत. कुठलाही कापून लावता येतो."

तिने बॅगेतून कोट काढला आणि खुंटीला अडकवला. मला विचाराल तर गुडघा फुटण्यापेक्षा हे वाईट होतं. गुडघा फुटला तेव्हा निदान ती तिथे होती. ते बारा दिवस तिने स्वतःचा चहा स्वतःच करून घेतला.

तो परत आला तो थेट संगणकाला चिकटला. एका खिंडीतला फोटो खरोखरच देखणा होता. पिवळं गवत, लांबच लांब वाट, वाटेवर एक मैलाचा दगड. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढणाऱ्याला स्वतःचा नियम कुठला आठवायला? त्याने जुन्या फोटोतली बायको कापून त्या वाटेवर उभी केली, दोन्ही गुडघे शाबूत असलेली. आता फक्त तिची सावली रंगवायची होती, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. वर्षभर त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. मंडळाला कळलं तर परीक्षकाची खुर्ची जाईल म्हणून तो लपवत होता. लाल रंग तेवढा दिसायचा. गवतावरची फिकट सावली काही केल्या दिसेना.

"इकडे ये जरा," त्याने हाक मारली. "सावली बरोबर पडलीय का बघ."

ती आली. काठी टेबलाला टेकवली. मैलाच्या दगडाची सावली डावीकडे होती, आणि तिचीही डावीकडेच. अंदाजाने का होईना, त्याचं बरोबर आलं होतं. तिने दगडाकडे पाहिलं, वाटेवरच्या त्या धडधाकट बाईकडे पाहिलं, आणि मग नवऱ्याच्या बारीक केलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"जरा उजवीकडे," ती म्हणाली.

त्याने फिरवली.

"आणखी."

"बास?"

"अजून जरा. हां, आता बरोबर."

"नक्की ना?"

"उन्हात मीच उभी राहत आलेय," ती म्हणाली.

रविवारी मंडळ गच्च भरलं होतं. नव्या वर्षाचा परीक्षक त्याच दिवशी ठरायचा होता. खिंडीचा फोटो लागला, तशी आधी वाहवा झाली. मग दंतवैद्य उठला, पडद्याजवळ गेला आणि बोट ठेवून म्हणाला, "दगडाची सावली इकडे. वहिनींची तिकडे. सूर्य दोन होते की काय?"

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. मोजणीदाराने तोंड उघडलं.

"नियम," दंतवैद्य म्हणाला. "वहिनी, तुम्ही गेला होतात का तिथे?"

"नाही," ती म्हणाली. "मला नेलं नव्हतं."

"मग बाई काढून टाका. मागचं गवत बरं आहे." आता लोक पोट धरून हसत होते. दंतवैद्याने पडद्याजवळूनच हात वर केला. "ही किती बोटं, तेवढं मात्र सांगा. एवढ्यापुरती नियमातून सूट."

मोजणीदार हाताकडे बघत राहिला. बघता बघता हसणं थांबलं. मग कुणीतरी दिवे लावले, आणि परीक्षक म्हणून दंतवैद्याचं नाव एकमताने लिहिलं गेलं.

परतताना ती जिन्यावरून काठी टेकत पुढे उतरत होती आणि तो भिंत चाचपत मागून.

"तू बरोबर आहे म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"मला काय कळतं त्यातलं? मी आपली मापापुरती."

ती खाली पोचली आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. त्याचा एक पाय हवेत अंदाज घेत होता.

"पायऱ्या संपल्या का गं?"

दोन बाकी होत्या.

"संपल्या," ती म्हणाली. "या."