नवसाच्या बोकडाला सुई

दमयंती वाडीत शिरली की तिचा आवाज आधी पोचायचा आणि ती मागाहून. खांद्याला बर्फाचा डबा, पदर कमरेला खोचलेला, आणि गळा असा खणखणीत, की नमनाच्या खेळात उभी राहिली असती तर मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही शब्द न् शब्द ऐकू गेला असता!

"अगो कमळा, शेळ्या सोडू नको गो! मी आलंय!"

दमयंती पशुसखी. म्हणजे गावोगावच्या शेळ्यांची विचारपूस करणारी, त्यांना लस टोचणारी. हे काम तिने हौसेने धरलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी शेळ्यांची बुळकांडी तिच्याच गोठ्यात शिरली. नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग हगवण. एकेक दावं रिकामं होत गेलं आणि ती नुसती बघत राहिली. रडू ओसरलं तशी उठली, तालुक्याच्या दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांच्या हाताखाली सुई धरायला शिकली.

आता खालच्या वाडीत तीच बुळकांडी आली होती; ती इथे पोचायच्या आत टोचायला हवं होतं. रावजीच्या गोठ्यातल्या शेळ्यांना भराभर टोचून ती कोपऱ्यातल्या काळ्याभोर बोकडाकडे वळली, तर रावजी आडवा.

"त्याला नाय. तो देवीचा हाय. आमचा पोरगा सुजय जहाजावरून सुखरूप आला की द्यायचाय. अंगाला छिद्र पडलेला बोकड देवी घेईल काय?"

"अरे रावजी, रोग काय इचारून येतो? 'हा देवीचा, ह्याला सोडतो' म्हणेल?"

"मी नाय म्हणत. देवीलाच इचारू."

देऊळ घरामागेच. दादू गुरवाने हात धुतले, देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, बोकडाला सुई टोचायची तर उजवा कौल दे, नायतर डावा!"

ज्या खांद्यावरची कळी आधी पडेल, तो देवीचा कौल. सगळे टक लावून बसले. कळ्या हलेनात. दादूने खाकरून पुन्हा गाऱ्हाणं घातलं. कळ्या ढिम्म!

"पाणी जास्त लावलंस काय रे?" दमयंती कुजबुजली.

"गप गो. आई इचार करतेय."

आई विचार करत होती, पण डब्यातला बर्फ थांबायला तयार नव्हता. ही लस एकदा पाण्यात मिसळली की तासा-दोन तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. पलीकडच्या घरांतल्या शेळ्या अजून राहिल्या होत्या. उठावं, तर हा बोकड तसाच राहतो. बसावं, तर बाकीच्यांची लस जाते. दमयंतीच्या डोळ्यांसमोर आपली रिकामी दावी आली. देवीला हात जोडून ती उठली.

तेवढ्यात इतका वेळ खांबाला टेकून उभी असलेली रावजीची बायको कमळा बोलली, "मी एक इचारू? सुजय कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे?" रावजी दचकला.

"जन्मला तवा त्याला आईच्या ओटीत घातलेला ना आपण? मग त्याला लहानपणी किती सुया टोचल्यान? दंडावर वण हाय अजून. आईन परत केलान काय?"

"तो माणूस गो…"

"म्हणजे माणसाला वण चालतो, नि बोकडाला नाय?"

दादू खुदकन हसला. रावजीने देवीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. दोघींपुढे त्याचं काही चालेना.

"चल," तो दमयंतीला म्हणाला.

"नि कौल?" दादू ओरडला.

"असू दे. आई सवडीने सांगेल!"

गोठ्यात रावजीने बोकडाला दोन्ही गुडघ्यांत धरलं. मघाचा ताठा गेला होता. तो बोकडाच्या कानामागे खाजवू लागला.

"हळू टोच. ह्यो भितो."

दमयंतीने मानेजवळची कातडी चिमटीत उचलली, सुई सरकवली, काढली. बोकड एकदाच ओरडला. रावजीने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"झालं," दमयंती म्हणाली. "आज-उद्या जरा कसकस वाटेल, चारा कमी खाईल. घाबरू नको. दुसऱ्या वाडीतल्या शेळ्यांत मात्र सोडू नको."

"सुजय पण लहानपणी सुई टोचल्यावर असाच तापलेला," रावजी म्हणाला. मग बोकडाची मान चोळत तिथेच लेंड्यांत बसून राहिला. दमयंतीने डबा खांद्याला लावला आणि पलीकडच्या घराकडे धावत सुटली.