विषय क्रमांक चौदाचा सूचक

नगरपरिषदेच्या सभेत काय झालं त्याची नोंद, म्हणजे इतिवृत्त, मी सहा वर्षं लिहिलं. त्यातलं बरंचसं सभेच्या आदल्या दिवशीच लिहून झालेलं असायचं.

आमचं गाव उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला. गाव लहान, पण नगरपरिषद आहे. महिना-दीड महिन्याला सर्वसाधारण सभा होते. शिपाईमामा सात दिवस आधी मोटारसायकलवर घरोघर विषयपत्रिका देऊन येतात आणि पोच म्हणून सही आणतात. सभेच्या दिवशी सभागृहात पोहे येतात, चहा येतो, नगराध्यक्ष येतात. मी उभी राहून आकडे वाचते. "विषय क्रमांक एक." "मंजूर." "विषय क्रमांक दोन." "मंजूर, मंजूर." आकड्यापुढचा मजकूर कुणी वाचायला लावत नाही, कारण तो सगळ्यांना घरपोच मिळालेला असतो. पोहे संपायच्या आत वीस-बावीस विषय संपतात.

ठरावाला दोन नावं लागतात. विषय मांडणारा तो सूचक, त्याला पाठिंबा देणारा तो अनुमोदक. सभेत तर कुणी काही मांडत नाही. मग नावं कुठून आणायची? मी रुजू झाले तेव्हा या टेबलावरचे जुने बाबू निवृत्तीला आले होते. त्यांनी मला एक घडी पडलेला कागद दिला. त्यावर सगळ्या सदस्यांची नावं ओळीनं होती आणि पुढं बारीक टिंबं.

"नावं फिरती ठेवायची, बाई," ते म्हणाले. "एका सभेत एकाचं नाव सूचक म्हणून दोनदा आलं, की दुसरा फुगतो. मागं एकानं वर्षभराचे ठराव मोजले होते. 'मला एकदाच घेतलं, त्याला चारदा,' म्हणून माझ्या टेबलावर येऊन बसला. उठंना."

तेव्हापासून मी टिंबं देत आले. ज्याचा नंबर लागेल तो सूचक, त्याच्या खालचा अनुमोदक.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील गवंड्याच्या हाताखाली होते, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. नांदेडला वसतिगृहात राहून मी बी.ए. केलं आणि स्पर्धा परीक्षा देऊन या खुर्चीवर बसले, कुणाच्या चिठ्ठीवर नाही. नगरपरिषदेचा कायदा मी इंग्रजीतून आणि मराठीतून असा दोन्हींतून वाचलेला आहे. कचेरीत तो पुरता वाचलेलं दुसरं कुणी मला भेटलं नाही. माझ्या इतिवृत्तात खाडाखोड नसायची. वरच्या कचेरीतून तपासणीला आलेले साहेब माझं रजिस्टर इतरांना दाखवायचे. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. कष्टानं मिळवलेली गोष्ट आहे.

त्या सभेत चौदाव्या नंबरचा विषय पाणीपुरवठ्याचा होता: मोंढ्यामागच्या गल्लीतला सार्वजनिक नळ बंद करणे. घरोघरी नळ द्यायची योजना पूर्ण झाली, असं फायलीत लिहिलेलं होतं. फायलीपुरतं ते खरं होतं. त्या गल्लीतल्या बऱ्याच घरांना जागेचा कागद नाही, आणि कागद नाही म्हणून जोडणी नाही. आमच्याकडं पाणी आठ दिवसाला येतं, तेही तासभर. त्या तासात सगळी गल्ली त्या एका नळावर असते. तो गेला तर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, पलीकडच्या बोअरवर जायचं, मोठा रस्ता ओलांडून, डोक्यावर घागर घेऊन.

चौदाव्या नंबरला टिंब आलं गिरणीवाल्या काकूंचं. या काकू त्याच गल्लीतून निवडून आलेल्या. पिठाची गिरणी स्वतः चालवायच्या. सभेला एकट्या यायच्या, घरचे मालक कधी सोबत नसायचे. सही वळणदार, वाचन सावकाश. मी वर विषय लिहिला, खाली सूचक म्हणून त्यांचं नाव लिहिलं आणि पंधराव्याकडं गेले. विषय आणि नाव एकमेकांना लावून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सभेत मी "विषय क्रमांक चौदा" म्हणाले आणि सगळे "मंजूर" म्हणाले. काकूसुद्धा.

पाणीपुरवठ्याच्या माणसानं नोटीस नळाशेजारच्या भिंतीवर चिकटवली. पुढच्या महिन्यात नळ बंद होईल, हरकत असल्यास कळवावे. सोबत ठरावाची नक्कलही लावली. तशी लावत नाहीत, पण त्यानं लावली. पाण्याच्या दिवशी रांगेतल्या कॉलेजच्या एका पोरीनं ती मोठ्यानं वाचली, खालच्या नावासकट.

चार दिवसांनी काकू कचेरीत आल्या. हातात भिंतीवरून सोलून आणलेला कागद होता, मागं चुन्याचे पापुद्रे.

"लेकी, हे कुणी लिवलं?"

"मी."

"म्या कधी म्हनलं गं हे? कुठं उभी राहिले, कवा बोलले, सांग बरं."

"तुम्ही बोलला नाहीत. तुमचा नंबर लागला."

"नंबर? रेशनच्या दुकानात हाय का मी?"

मी त्यांना टिंबांचा कागद दाखवला. त्यांनी तो उलटून पालटून पाहिला. स्वतःचं नाव सापडल्यावर त्यावर बोट ठेवलं आणि पुढची टिंबं मोजली.

"म्हंजी आजवर म्या इतकं सुचवलं?"

"हो."

"लई हुशार हाय म्हनायची मी." मग कागद टेबलावर ठेवला. "गल्ली मला काय म्हनून राहिली ठाऊक हाय? मतं घेतली अन् नळ इकला म्हनून राहिली. चार दिस झाले, गिरनीसमोर एक डबा न्हाई. समद्या बाया खालच्या आळीतल्या गिरनीवर जाऊन राहिल्या. माझी धाकली जाऊ सुदिक."

"काकू, सभेत तुम्हीही मंजूर म्हणालात."

"समदे म्हनले म्हनून म्हनले. तू नंबर वाचलास, बाई. नळ न्हाई वाचलास."

"विषयपत्रिका घरी आली होती. पोचेवर तुमची सही आहे."

"आली व्हती. गिरनीच्या पट्ट्याखाली तेल गळत व्हतं, तिथं अंथरली." मग म्हणाल्या, "ते माझं चुकलं. हे तुझं चुकलं. खोड आता."

खोडता येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. रजिस्टरात बदल करायचा तर तो सभेतच होतो. प्रत्येक सभेचा पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे हा असतो. तेही आम्ही वाचलं असं समजून पुढं जातो. पण एका सदस्यानं जरी "वाचा" म्हटलं, तर मला वाचावं लागतं, आणि चूक असेल तर तिथं हरकत घेता येते.

"येवढंच? वाचा म्हनायचं?"

"एवढंच."

"मंग इतकी वर्सं कुनी म्हनलं कामून न्हाई?"

मी पुढच्या सभेची तारीख पाहिली. ती नळ बंद व्हायच्या चार दिवस आधी होती.

मोठ्या साहेबांना, म्हणजे आमच्या कार्यालय अधीक्षकांना, मी आधी सांगून ठेवलं. ते चष्मा काढून म्हणाले, "टंकलेखनाची चूक म्हणा. कुणी विचारत नाही पुढं."

"टंकलेखनाची नाही ती, साहेब."

"अहो, सगळ्या चुका टंकलेखनाच्याच असतात."

सभेच्या दिवशी गल्लीतल्या सात-आठ बाया सभागृहाच्या दारात येऊन बसल्या. त्यांना कुणी बोलावलं ते मला माहीत नाही. सभा खुली असते, म्हणून कुणी हटकलं नाही. काकूंशी त्यातली एकही बोलली नाही. मी उठून म्हणाले, "विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

"मंजूर," दोघे-तिघे म्हणाले.

"वाचा," काकू म्हणाल्या.

नगराध्यक्ष आडतीचे व्यापारी. माणूस तसा सरळ. "काकू, वाचलं असं समजू की. चहा गार होऊन राहिला."

"तुमी प्या चहा. ती वाचील."

मी वाचायला लागले. सुरुवातीला कुणाचं लक्ष नव्हतं. सहाव्या ठरावाला एका सदस्यानं बशी खाली ठेवली. शाळेसमोरचे गाडे उठवावेत असं त्यांनी सुचवलं होतं, आणि त्यात एक गाडा त्यांच्या मेव्हण्याचा होता.

"थांबा थांबा. हे मी म्हणलो?"

"हाव, तुमीच," शेजारचा म्हणाला. "लई कडक बोलला होता तुमी."

सभागृह हसलं. मीही वाचता वाचता हसू दाबलं. मग हसणं हळूहळू कमी झालं, कारण जो तो पुढं आपलं नाव कशाखाली येतंय ते ऐकायला लागला. माझी मराठी चांगली आहे. "सदर विषयावर सांगोपांग चर्चा होऊन" असं मी प्रत्येक ठरावाला लिहिलं होतं. तेरा वेळा ते वाक्य मोठ्यानं वाचावं लागलं.

चौदाव्याला काकू उभ्या राहिल्या. "हे म्या सुचवलं न्हाई. माझ्या गल्लीचा नळ मी कामून बंद करीन? माझं नाव काढा."

नगराध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. "काय हो बाई? टायपिंगचं काही झालं का?"

अधीक्षक माझ्या उजव्या हाताला बसले होते. ते मान हलवत होते, हो म्हणा म्हणून.

"नाही," मी म्हणाले. "नाव मी टाकलं. सभेच्या आदल्या दिवशी. सगळीच नावं मी आदल्या दिवशी टाकते, पाळीनं. सभेत कुणी सुचवत नाही."

माझ्या सहा वर्षांच्या कामाबद्दल सरळ बोलायचं तर एवढंच होतं, आणि ते दारातल्या बायांसमोर बोलावं लागलं. कुणी रागावलं नाही. सगळ्यांना माहीतच होतं.

मुख्याधिकारी नवे होते, नांदेडच्या विष्णुपुरी कॉलेजात इंजिनिअर झालेले. कायद्याचं पुस्तक सोबत ठेवायचे. ते म्हणाले, "यांचं नाव वगळायला हरकत नाही. पण मग सूचक कोण? सूचकाशिवाय ठराव राहत नाही. मागच्या वेळी सगळ्यांनी मंजूर म्हटलंय, तेव्हा कुणीही एकानं आत्ता सांगावं. नाव बदलून घेऊ."

सगळ्यांनी मंजूर म्हटलं होतं. आता "मी सुचवतो" एवढे दोन शब्द कुणी बोलेना. दारातल्या बायांपैकी एक उठून चौकटीला टेकून उभी राहिली, कोण बोलतंय ते नीट दिसावं म्हणून.

"सभापती?" नगराध्यक्षांनी पाणीपुरवठ्याच्या सभापतींना विचारलं. "तुमच्या खात्याचा विषय आहे."

सभापतींनी घसा साफ केला. "माझं नाव आधीच रस्त्याच्या ठरावाला आलंय, साहेब. दोनदा बरं दिसत नाही. बाकीच्यांना बी संधी द्यावी."

बाकीच्यांपैकी संधी कुणी घेतली नाही. एकानं मोबाइल कानाला लावला आणि बाहेर गेला. शेवटी नगराध्यक्ष म्हणाले, "मग तहकूब. जोडण्या खरंच झाल्यात का ते खात्यानं घरं मोजून सांगावं, मग बघू. पुढं वाचा."

मी पुढं वाचलं. सभेनंतर चौदाव्या ठरावावर लाल शाईनं रेघ मारली, समासात "सूचकाअभावी तहकूब" असं लिहिलं, खाली सही केली. स्वच्छ पानावर ती रेघ फार मोठी दिसत होती.

काकू टेबलाशी उभ्या होत्या. "ह्याची नक्कल दे. शिक्का मारून."

"अर्ज करावा लागेल."

त्यांनी तिथंच बसून अर्ज लिहिला. वेळ लागला. मी मध्ये शब्द सुचवायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. माझं मी सुचवते."

नक्कल मी त्याच दिवशी तयार करून पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही.

"तूच चल. परवा पानी हाय. मी सांगून कुनी ऐकायचं न्हाई. तू लिवलंस, तूच वाच."

मला नाही म्हणता आलं असतं. कर्मचाऱ्यानं गल्लीत जाऊन ठराव वाचावा असं कायद्यात कुठंही नाही. मी गेले. सकाळची वेळ, नळ नुकताच सुटलेला, रांग कोपऱ्यापर्यंत. काकू माझ्यापासून चार हात लांब, आपली घागर घेऊन रांगेच्या शेवटाला उभ्या राहिल्या. मी वाचायला सुरुवात केली.

"जोरात की वो म्याडम," एक म्हातारी म्हणाली. "पान्याच्या आवाजात काय बी कळंना."

मी जोरात वाचलं. मग कागद खाली करून साध्या भाषेत सांगितलं: नळ बंद होत नाही, निदान आत्ता तरी नाही. काकूंनी काही सुचवलं नव्हतं. त्यांचं नाव मी लिहिलं होतं, न विचारता.

नळाखालची बाई भरलेली घागर उचलता उचलता थांबली आणि पाणी वरून वाहायला लागलं.

"न विचारता?" ती म्हणाली. "शिकलेली दिसतीस की गं."

"आहे," मी म्हणाले.

"मंग सरक बाजूला. पानी चाललं वाया." तिनं घागर कमरेवर घेतली आणि रांगेच्या शेवटाकडं पाहून हाक मारली, "काकू, या म्होरं. गिरनी उघडायची असंल तुमाला."