भावाच्या लग्नासाठी छत्तीस फोटो

माझ्या धाकट्या भावाचं लग्न जमत नव्हतं आणि त्याला कारण मोबाईल, हे मी आजही भांडून सांगेन. शेलूबाजारजवळ आमचं शेत, तो शेती करतो. आजकाल शेतकऱ्याला मुलगी द्यायची म्हटली की आधीच लोकांच्या कपाळाला आठ्या. त्यात मामांनी स्थळांना पाठवलेला त्याचा फोटो कुठल्याशा ॲपने सजवलेला. गाल गुळगुळीत, रंग उजळ आणि डोक्यावर भरगच्च केस. एवढे केस त्याला कॉलेजातसुद्धा नव्हते. एका स्थळाची माणसं आली, पोहे खाल्ले, आणि मुलीच्या काकांनी त्याच्याकडेच पाहत विचारलं, "पोरगा कवा येते मंग?" भाऊ उठून गोठ्यात गेला. त्या दिवसापासून तो जेवतानाही टोपी काढेना. मला रडू आलं आणि मामांचा मोबाईल विहिरीत फेकावासा वाटला.

मग जऊळक्याचं स्थळ आलं. मुलीचाच निरोप होता, ॲपमधला नको, खरा फोटो पाठवा. मामांना लगेच मी आठवले. मी वाशिमला शाळेत शिकवते आणि मला रोलच्या जुन्या कॅमेऱ्याचा नाद आहे. या नादाला माझ्या सासरी काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"त्याच्यात खोटं करता येत नाही ना?" मामा म्हणाले. "मंग झालं."

रविवारी माहेरी गेले, भावाला भिंतीपुढे उभं केलं. आई लगेच म्हणाली, "दाखव, कसा आला." म्हटलं, अजून काढलाच नाही, आणि काढला तरी याला मागे स्क्रीन नाही, रोल धुतल्यावरच दिसतो. "न पाह्यता काढते काय वं?" आईने कॅमेऱ्याकडे असं पाहिलं, जणू मी आंधळी म्हैस विकत आणली होती.

भाऊ मात्र खोदून खोदून विचारत बसला. मी सांगितलं, ॲपर्चर म्हणजे भिंगामागचं भोक, प्रकाश किती सोडायचा ते. शटर म्हणजे किती वेळ सोडायचा ते.

"म्हणजे कॉक किती उघडला अन् मोटर किती वेळ चालली."

हो रे बाबा.

"अन् रोलवर हा चारशेचा आकडा कायचा?"

म्हटलं, आकडा मोठा असला की थोड्या प्रकाशात भागतं.

"म्हणजे काळी जमीन. एका पाण्यात भागते."

एवढी अक्कल, पण टोपी काढ म्हटलं की नाही. "अरे, तिनं खरा फोटो मागितला आहे."

"टोपीबी खरीच हाय."

गाढव आहे नुसता. तो स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर यावं म्हणून मी ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं आणि काढला फोटो टोपीसकट.

पण रोल छत्तीस फोटोंचा. एका फोटोसाठी तो धुवायला देणं माझ्या जिवावर आलं. म्हणून दिवसभर दिसेल ते काढत सुटले. म्हैस, बाबांची पाठ, शेजारणीवर ओरडणारी आई, ट्रॅक्टरखाली भाऊ, बोअरच्या पाण्याखाली उघडाबंब, बिनटोपीचा, खसाखसा डोकं चोळणारा भाऊ. पाठवायचा तो भिंतीपुढचा एकच, बाकीचे घरात ठेवायचे, असं ठरलं.

रोल अकोल्याला धुवायला दिला. मामा म्हणाले, मी चाललोच तिकडे, फोटो घेऊन येतो. आमचे मामा म्हणजे फार कामाचा माणूस. परतीच्या गाडीने येताना जऊळक्याला उतरले आणि पाकीट न उघडता मुलीच्या घरी देऊन आले. वर मला फोन.

"डायरेक देऊन टाकलं."

"सगळं पाकीट?"

"मंग काय अर्धं फाडून देऊ?"

आमच्यापैकी कोणी त्यातला एक फोटोही पाहिला नव्हता. आईला एकदम शेजारीण आठवली आणि ती खालीच बसली. भावाने मला फोनवर एवढंच विचारलं, "बोअरवालाबी त्याच्यातच?" मी हो म्हटलं. आईने नंतर सांगितलं, त्याने फवारणीचा पंप पाठीला लावला आणि तो रिकाम्याच पंपानिशी शेतात गेला. मामांचा राग आला तो आलाच, पण भावासाठी जीव तुटला माझा.

दोन दिवसांनी त्या मुलीचा फोन आला, तोही मला.

"ताई, टोपीवाल्या फोटोत भिंतच लय चांगली आली. ते पुसट हायेत."

म्हणजे फोकस भिंतीवर. नेमका त्याच फोटोत मी माती खाल्ली होती.

"बाकीचेबी पाह्यले मी. आंघोळीचा मायनं लपोला होता, पण मी काढला शोधून. त्याच्यात हासून राह्यले ना ते."

 मग तिने आवाज खाली आणला.

"ताई, मी पाठोला तो फोटोबी ॲपमधलाच हाय. मले जाड चष्मा लागते, अन् गालावर भाजल्याचा डाग हाय. तो पुसला होता. तुमी माझाबी रोलवाला फोटो काढसान का? त्यायले दाखवाले."

काढते म्हटलं.

लगेच भावाला फोन लावून शब्द न् शब्द सांगितला. पलीकडे चालू असलेली मोटर त्याने बंद केली.

"रविवारी जाशीन काय?" तो म्हणाला.

"जाईन."

"एकटी कशी जाशीन? कॅमेऱ्याची बॅग धराले माणूस लागन ना."

ती बॅग माझ्या पर्समध्ये मावते.

"लागेल बाबा," मी म्हटलं, "फार जड आहे."