पिंपावरची पाटी

दुकान काढायच्या आधीच मी माझ्या नावाची पाटी रंगवून घेतली. शिंपी असून माप घ्यायच्या आधीच कापड कापलं म्हणा ना. वीस वर्षं झाली, मी अजून दुसऱ्याच्याच मशीनवर बसतो आणि पाटी आमच्या पाण्याच्या पिंपावर झाकण होऊन बसलीय. रोज सकाळी बायको म्हणते, "अहो, तुमचं दुकान सरकवा, पाणी घ्यायचंय." दोघंही हसतो. स्वप्न घरकामाला लागलं की तेवढं टोचत नाही.

आज तिनं प्लास्टिकचं झाकण आणलं. "आता टांगा ती कुठंतरी," म्हणाली. पाटी घेऊन मी घरभर फिरलो. मला वाचता येत नाही, पण कुठलं अक्षर पाण्यानं गेलंय ते पाठ आहे. शेवटी नव्या झाकणावरच ठेवली आणि म्हटलं, "दुकान परत उघडलं."

ती हसली नाही.