तुरीचं काही सापडलं का?

किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्याकडे सगळ्यांत जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे 'आणखी धक्क्यांची शक्यता नाकारता येत नाही.' ते कानावर पडलं की अप्पा, म्हणजे माझे वडील, झोपायच्या बाजा पुन्हा पत्र्याच्या शेडबाहेर काढायचे. मला त्या वाक्याची चीडच यायला लागली. हो की नाही, काय ते एकदाचं सांगून टाका ना.

पुढे लातूरला शिकवणीला गेले आणि तिथे जीव रमला. प्रश्नाला चार पर्याय, त्यातला एक बरोबर, विषय संपला. मेडिकल मात्र थोडक्यात हुकलं. मग एमएस्सी करून नांदेडला संशोधन धरलं. तुरीच्या झाडात बुरशी मारणारी छोटी छोटी प्रथिनं असतात, ती संगणकावर हुडकायची. आमची तूर दरसाल ऐन फुलोऱ्यात बुरशीच्या मर रोगाने उभी वाळायची. त्यावर इलाज मीच काढणार, असं घरात छाती ठोकून सांगितलं होतं.

आणि संगणक काय देणार, तर शक्यताच. एका प्रोग्रॅमने डोक्यावर घेतलेलं प्रथिन दुसरा पार तळाला ढकलायचा. मी चिडून उठायचे, चहा पिऊन यायचे, पुन्हा तेच चालवून बघायचे. सुट्टीत घरी जाणं टाळायचे. पण अप्पा फोनवर विचारायचेच, "तुरीचं काही सापडलं का गं?"

"शक्यता हाय, अप्पा," मी पुटपुटायचे.

"बघ निवांत. घाई न्हाई."

घाई मलाच होती. आमचं वाळलेलं रान डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

शेवटी तीन प्रथिनं सगळ्या प्रोग्रॅमांच्या चाळणीतून टिकली. त्याच दिवशी लातूरची बस धरली, पुढे किल्लारीची जीप, आणि पिशवीसकट थेट शेतात गेले. बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन होतं.

"तूर कुठंय?"

"ती सोडून लई दिवस झाले," अप्पा म्हणाले. "वाळून वाळून वैताग आणला तिनं."

"मग फोनवर दर वेळी विचारत होता, ते?"

अप्पा जरा ओशाळले. "तू एवढं जीव लावून करायलीस. तूरच न्हाई म्हणलं असतं, तर तू बी सोडून आली असतीस."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्या रागातच डोळे भरून आले. मग तिथेच सोयाबीनमध्ये उभी राहून मी त्यांना एकेका प्रथिनाबद्दल सांगायला लागले, आणि शेतात तूरच उभी असल्यासारखे ते ऐकत राहिले.