एका कमांडचं दुखणं

भागवतच्या पोटात दुखायला लागलं ते एकेचाळिसाव्या सेकंदाला. चाळीस सेकंदांपर्यंत माणूस अगदी ठणठणीत होता.

नांदेडात अमरेशची सात माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. मठ, संस्थानं, मंगल कार्यालयं ही तिची गिऱ्हाइकं. सगळ्यात जास्त खपतो तो अन्नदान नोंदणीचा प्रोग्राम. भक्तानं मठात आपल्या माणसाची पुण्यतिथी सांगून ठेवायची, मग दरवर्षी ती तिथी कुठल्या तारखेला येते ते प्रोग्रामनं काढायचं आणि तीन दिवस आधी घरच्यांच्या मोबाइलवर निरोप धाडायचा. मराठवाड्यात निदान तीसेक ठिकाणी तो चालतो.

आता असा प्रोग्राम काही एका तुकड्यात नसतो. निम्मा आपण लिहिलेला, निम्म्यात जगातल्या कुणाकुणाच्या लायब्रऱ्या, म्हणजे कोडचे तयार तुकडे, घेतलेल्या. ते सगळं योग्य क्रमानं जुळवून गिऱ्हाइकाला देण्याजोगी एक फाईल करायची, याला म्हणतात बिल्ड. दहा वर्षं हे बिल्ड फक्त भागवतला जमायचं. कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडायची, सत्तावीस कमांड एकामागून एक हातानं द्यायच्या. कुठल्या लायब्ररीचं कुठलीशी जमतं आणि कुणाचं कुणाशी वाजतं, हे एखाद्या जुन्या सोयरीक जमवणाऱ्याला ठाऊक असावं तसं त्याला ठाऊक होतं. कागदावर त्यातलं अक्षर नव्हतं. कुणी विचारलं की तो बोटानं कपाळाकडे दाखवायचा.

त्यामुळं त्याचा थाट होता. बिल्ड पाहिजे म्हटलं की तो आधी चहाला जायचा. नायगाव तालुक्यातल्या त्याच्या गावी चुलत भावाची हळद चालू असताना अमरेशचा फोन आला, तेव्हा रेंजसाठी तो लॅपटॉप घेऊन कडब्याच्या गंजीवर चढला होता. खाली अर्धं वऱ्हाड माना वर करून बघत उभं. "भुजंगरावाच्या पोरावाचून नांदेडातलं काम अडून राहिलंय," असं कुणीतरी म्हणालं, आणि सोयाबीन पेरणाऱ्या त्याच्या बापानं मुंडासं सारखं केलं. भागवतनं बिल्ड पंधरा मिनिटांत केलं होतं. तो गंजीवरून उतरला मात्र तासाभरानं.

अशा सुखात दिवाळीनंतर मनस्विनी आली. लातूरची, आई शाळेत शिकवायची, वय चोवीस. आल्या आठवड्यातच तिनं विचारलं, "सर, बिल्डच्या स्टेप्स कुठं लिहून ठेवल्यात?"

"त्यात लिहायचं काय?" भागवतनं कपाळाकडे बोट नेलं.

पोरगी हसली आणि कामाला लागली. दोन महिने ती भागवतच्या मागं बसून वहीत टिपत होती. आपल्याकडून शिकून राहिली बिचारी, असं वाटून तोही सांगत गेला. शेवटी तिनं प्रोजेक्टमध्ये एक फाईल ठेवली. तिच्यात सगळ्या लायब्रऱ्यांची नावं आणि प्रत्येकीच्या आवृत्तीचा नंबर. किराणा दुकानात यादी पाठवावी आणि सामान घरपोच यावं, तसं एक टूल ती यादी वाचतं, नेटवरून लायब्रऱ्या आणतं, क्रम लावतं, जुळवतं. माणसानं फक्त एक कमांड द्यायची.

तिनं ती सगळ्यांसमोर दिली. काळ्या खिडकीतून ओळी धावल्या आणि एकेचाळिसाव्या सेकंदाला खाली हिरव्या अक्षरांत 'बिल्ड सक्सेस' आलं. मग गंमत म्हणून रिसेप्शनवरच्या महानंदाबाईंनी दिली. त्यांचंही झालं! अमरेशनं पेढे मागवले आणि भागवतच्या पाठीवर थाप मारली, "आता तू मोकळा झालास बघ भागवत."

मोकळा! जत्रेतल्या पैलवानाला म्हणावं, बाबा, आता कुस्ती मशीन खेळतंय, तू मोकळा. पेढा त्याच्या टाळूला चिकटून बसला.

त्या दिवसापासून मत्सरानं त्याला धरलं. त्याला चांगला शब्द शोधण्यात अर्थ नाही, तो मत्सरच होता. मनस्विनीचा डबा उघडला की लोक तिच्या टेबलाभोवती का जमतात? अमरेश तिला "अगं मनू" म्हणतो, आपल्याला दहा वर्षांत साधं "भागवतराव" नाही. तिच्या लॅपटॉपवरचे स्टिकरसुद्धा त्याच्या डोळ्यांत खुपायचे. घरी जेवताना तिचंच पुराण. बायको तनुजा शेवटी म्हणाली, "रोज मनस्विनी, रोज मनस्विनी. लोकांचे नवरे दुसरीवर भाळतात, माझा दुसरीवर जळून राहिला. माझं नशीबच उलटं."

भागवतला हसू आलं नाही.

मग माघात एका दुपारी मनस्विनी यादीचा कागद घेऊन त्याच्यापाशी आली. "सर, एकच विचारायचं होतं. या सगळ्या लायब्रऱ्या नेटवर आहेत तशाच ना? यातल्या कुठलीत आपण हातानं काही बदल केलेला नाही ना?"

भागवतची नजर बरोबर नवव्या ओळीवर गेली. तिथी काढणारी लायब्ररी.

दोन हजार अठराला अधिक ज्येष्ठ आला होता. तेव्हा ध्यानात आलं की ही लायब्ररी अधिक महिन्यालाच खरा महिना धरते. मठांचा रिवाज असा की अधिकात पुण्यतिथी धरायची नाही, त्याच नावाच्या पुढच्या खऱ्या, निज महिन्यात धरायची. भागवत तीन आठवडे पंचांग मांडीवर घेऊन बसला, लायब्ररी उघडली, आतलं गणित दुरुस्त केलं. अमरेश म्हणाला, "चालतंय ना? बस्स." पेढे नाहीत की थाप नाही. आणि भागवतनं एक आळस केला. दुरुस्त फाईलचं नाव आणि नंबर तोच ठेवला. म्हणजे एका नावाच्या आता दोन होत्या: नेटवरची चुकीची, आणि त्याच्या मशीनवरची बरोबर. मनस्विनीचं टूल आणणार होतं ती नेटवरची.

एक शब्द सांगायचा होता. "नववी" म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"न्हाई," भागवत म्हणाला. "जशाच्या तशा हायत सगळ्या."

ती "थँक यू सर" म्हणून गेली. भागवतनं भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. सतरा मे, रविवार, अधिक ज्येष्ठ सुरू. तोवर कुणाला काही कळणार नव्हतं. त्याच दिवशी निलंग्याला सासरी धोंड्याचं जेवण घ्यायचं त्यानं ठरवून टाकलं आणि पुढं चार दिवसांची रजा टाकली. डोळ्यांपुढं चित्र तयार होतं: आपण जावई म्हणून पाटावर बसलोय, मोबाइल वाजतोय, अमरेश रडकुंडीला आलाय, "भागवतराव, तेवढं बघा की." तीनदा वाजू द्यायचा, मग उचलायचा. दुसऱ्याला अपशकुन म्हणून आपलं नाक कापतात म्हणे लोक. भागवतला वाटत होतं, आपलं नाक तर शाबूतच राहणार आहे.

सतरा तारखेला एसटीनं दोघं निलंग्याला उतरली. सासूबाई गुणाबाईंनी दारातच पायांवर पाणी घातलं. अधिकातला जावई म्हणजे नारायण. त्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे द्यायचे, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढायचे. चार वर्षांपूर्वी नवरा गेल्यावरही त्या बाईनं यात काही कमी पडू दिलं नव्हतं. भागवतनं मोबाइल पाटाशेजारी उताणा ठेवला. तो काही वाजत नव्हता.

तूप वाढता वाढता गुणाबाई म्हणाल्या, "जावईबापू, रजा हाय न्हवं मंगळवारपातुर? परवा तृतीया हाय, ह्यांची पुण्यतिथी. मठात अन्नदान हाय."

भागवतचा घास हातातच राहिला. "मामी, अधिकात?"

"म्या बी तसंच म्हनलं आधी. पर काल मोबाइलवर मेसेज आला की, तुमच्या कंपनीचा. मठातले दत्तोपंत म्हनले, गुणाबाई, आपल्यात निजात धरतात, ह्यो मेसेज चुकला आसंल. म्या त्यांला गप केलं. म्हनलं, माजा जावई करतो त्ये. तुमचं पंचांग चुकंल, त्याचं कंप्युटर चुकायचं न्हाई." त्यांनी आणखी तूप सोडलं. "साठ पानं सांगितली. आचारी सांगितला. भालकीहून नणंदा सांजच्याला निघून राहिल्या."

पुरण गोड होतं एवढंच भागवतला कळलं. कसंबसं ताट संपवून तो हात धुऊन अंगणात आला आणि त्यानं स्वतःच फोन लावला. अमरेशला नाही, मनस्विनीला.

"सर, बरं झालं तुम्ही केलात," तिचा आवाज बसला होता. "तुमची सुट्टी मोडायची नव्हती मला. तिथीची लायब्ररी चुकतेय. सकाळी एका मठातून फोन आला, तेव्हापासून शोधत होते. तुमच्या मशीनवरची फाईल आणि नेटवरची, नंबर एकच, पण साइज वेगळी निघाली. सत्तेचाळीस मेसेज चुकीचे गेलेत. एकेका घरी फोन करून मी माफी मागतेय. तुमची फाईल आता वेगळ्या नावानं यादीत टाकली, त्यापुढं तुमचं नाव लिहिलंय."

"अमरेशला कळलं?"

"मीच सांगितलं. चूक माझी आहे, मी तपासायला हवं होतं."

"मग काय म्हणला त्यो?" भागवतनं विचारलं. सत्तेचाळीस घरं राहिली बाजूला, त्याला आधी हेच हवं होतं.

"काही नाही. म्हणाले, होतं असं. आधी जेवून घे."

दहा वर्षांत भागवतला असं कुणी म्हटलं नव्हतं. चूक करूनही हिलाच जेव म्हणतात. आणि ती चूकही तिची नव्हती, ती त्याची होती. तीसुद्धा पोरीनं घेऊन टाकली होती.

"तुमच्या लक्षात राहिलं नसेल सर," ती म्हणाली. "आठ वर्षं झाली त्याला."

"हां," भागवत म्हणाला. "न्हाई राहिलं."

आत येऊन त्यानं सांगितलं, मेसेज चुकीचा आहे, तिथी निजातच. गुणाबाई बोटांवर मोजू लागल्या. साठ पानं, आचारी, भालकीच्या नणंदा. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"बग तनुजा! म्या म्हनत न्हवते? जावई घरात पाय ठिवतो काय आन् चूक हुडकून काडतो काय. चुकी कुनाची व्हती, जावईबापू?"

"हापिसात एक नवी पोरगी हाय..." भागवत बोलून गेला.

तनुजानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. रोजचं नाव आज त्यानं का घेतलं नाही, असं तिच्या नजरेत होतं.

गुणाबाईंनी त्याला कौतुकानं पुन्हा पाटावर बसवलं, नवं ताट वाढलं आणि फोनाफोनी सुरू केली. त्या फोन नेहमी स्पीकरवर ठेवून बोलायच्या. नणंदेला सांगितलं, जावयानं चूक पकडली. आचाऱ्याला सांगितलं, माज्या जावयानं. चुलतदिराला सांगताना तर जावई त्यासाठी नांदेडहून खास आला होता. ज्या मानासाठी भागवत चार महिने झुरला होता, तो आता फुकटात घरोघर वाटला जात होता, आणि प्रत्येक फोनगणिक त्याला पाटावरून उठावंसं वाटत होतं. पण अधिकातल्या जावयानं वाढलेलं ताट टाकून उठायचं नसतं.

शेवटी दत्तोपंतांना फोन लागला. "पंत, तुमचंच खरं निगालं. पर चूक माज्या जावयानंच पकडली बरं का. घ्या, त्यांच्याशीच बोला." त्यांनी फोन भागवतच्या ताटाशेजारी ठेवला.

"भागवतराव, शाबास," दत्तोपंतांचा म्हातारा, स्वच्छ आवाज खोलीभर आला. "अहो, मी बाईंना सांगत होतो, पण माझं कोण ऐकतो? तुम्ही पकडलीत म्हणून निभावलं. नाहीतर माणसं भालकीहून येऊन परत गेली असती. कधी आली हो ही चूक तुमच्या लक्षात?"

"आत्ताच" म्हणायचं होतं. तोंडात तयारही होतं. समोर गुणाबाई तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या, उत्तर ऐकायला कौतुकानं थोड्या वाकून.

"माघात," भागवत म्हणाला.

पलीकडून दत्तोपंत नुसतंच "बरं" म्हणाले आणि फोन बंद झाला.

गुणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण महिने त्यांना कुणी शिकवायला नको होते. माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख. त्यांनी जावयाकडे पाहिलं. अधिकातल्या जावयाला टाकून बोलायचं नसतं, त्याला जेवू घालायचं असतं. त्यांनी वाकून त्याच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला आणि त्यावर तूप सोडलं.

मग त्या भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांनी पुढचा नंबर लावला. तिथी निजात आहे, अन्नदान पुढच्या महिन्यात, एवढंच त्यांनी सांगितलं. जावयाचं नाव घेतलं नाही.