अनंत, ओतू नये

महिन्यापूर्वी मी वर्गावर असताना प्रयोगशाळेतले आप्पा दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, दौंडवरनं फोन व्हता. शेख सर गेले..." खडू हातातच राहिला.

शेख सर माझे मार्गदर्शक. दौंडहून एसटीने शिरूरला, याच महाविद्यालयात येत. माझं संशोधन एक घनरूप फॉस्फीन आणि क्विनोन या रसायनांच्या संयोगावर होतं. दोन्ही एकत्र आले की मिश्रणाचा रंग किती वेगाने बदलतो ते मोजायचं, आणि त्यावरून फॉस्फीन क्विनोनच्या रेणूला आधी कुठे जाऊन चिकटतं याचा माग काढायचा. शेवटचं रीडिंग दुसऱ्या दिवशी, सगळं थांबल्यावर. त्याला सर 'अनंत' म्हणत. आधीच्या प्रत्येक आकड्यातून ते वजा केल्याशिवाय आलेखाची रेघ सरळ येत नाही.

एका शुक्रवारी मी मिश्रणाच्या चंबूला बूच लावलं, वर 'अनंत' लिहिलं आणि घरी गेले. सकाळी चंबू लख्ख धुतलेला!

"अनंता व्हय? त्यो तर गेल्या साली पास हून गेला," आप्पा म्हणाले. "म्हटलं, पोराचं कवाचं पडलंय, टाकावं धुऊन."

मला रडूच आलं. फॉस्फीनची बाटली तळाला गेली होती, नवी यायला काही महिने लागणार होते आणि प्रबंधाची मुदत जवळ आली होती. मी सरांना सांगितलं, सोडते हे सगळं, शाळेत नोकरी धरते. सर आधी पोटभर हसले. "आप्पा, अनंताला पास करणारे तुम्ही पहिलेच!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या ये."

रविवार असूनही ते आले. बाटली खरवडून एका चंबूपुरतं फॉस्फीन निघालं. त्याच मापाचं मिश्रण केलं, सरांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली. "जा आता घरी. राखणीला आप्पा आहेत."

सोमवारी आप्पा चंबूशेजारी स्टूल टाकून बसलेले. "कुणाला हात लावू दिला न्हाई." रीडिंग घेतलं, वजाबाकी केली, बिंदू मांडले... रेघ सरळ आली. सरांनी पट्टी ठेवून पुन्हा एकदा पाहिलं, इतकंच.

तो चंबू अजून फळीवर आहे. चिठ्ठी पिवळी पडली, अक्षर शाबूत आहे: 'अनंत. विद्यार्थी नव्हे. ओतू नये.' गेल्या आठवड्यात एक नवी विद्यार्थिनी तो धुवायला निघाली.

"ए बाई, ठिव खाली," आप्पा ओरडले. "त्यो अनंत हाय. सरांचा."

तिने जपून ठेवला आणि मला विचारलं, "मॅडम, अनंत म्हणजे?"

मी स्टूल ओढून घेतलं.